शेवटच्या पिशवीपाशी

ऑक्टोबर सरत आला की सकाळी खिडकी उघडायची नाही, हे आमच्या घरात आता कोणी कोणाला सांगत नाही. समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आधी पुसट होते, मग दिसेनाशी होते. भर दुपारी सूर्याकडे सरळ बघता येतं. घशात एक बारीक तार अडकल्यासारखी होते, खाकरून निघत नाही, पाणी पिऊन जात नाही. या दिवसांत माझं एका जागी मन लागत नाही. कपाट आवरायला काढते आणि अर्ध्यावर सोडते. फोन हातात घेते, कशासाठी घेतला ते आठवत नाही. नवरा म्हणतो, हवेचा परिणाम आहे, सगळ्यांनाच होतं. असेलही. पण हवा अशी झाली की मला दरवर्षी तो एकच हंगाम आठवतो, डेंग्यूचा आणि धुराचा, आणि त्या हंगामात मी वाचलेला एक जुना प्रोग्रॅम.

मी नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पुण्याहून इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. त्या वर्षी आमच्याकडे दिल्लीतल्या एका धर्मादाय रक्तपेढीचं काम आलं. त्यांचा प्रोग्रॅम फार जुना होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. तो बंद करून नवा, चकचकीत, मोबाइलवरही चालणारा द्यायचा, असा करार. माझ्याकडे काम आलं ते साफसफाईचं म्हणावं असं. जुन्यातली माहिती काढून नव्यात घालायची, आणि जुन्याला मूठमाती द्यायची. आमचे मॅनेजर राजीव सर म्हणाले होते, अंदर झाँकने की जरूरत नहीं, बस डेटा निकालो.

मी झाँकलं. सवय आहे.

प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मजकूरच असतो. कोणीतरी बसून लिहिलेला. मी आजवर असा पुष्कळ मजकूर वाचला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांत लिहिणाऱ्याला घरी जायची घाई होती हे स्पष्ट दिसतं. एकच गोष्ट चार ठिकाणी, नावं अर्धवट, आणि मध्येच 'याला हात लावू नका' अशी धमकी. हा मजकूरही पहिल्या नजरेला तसाच वाटला. पण दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की घाणेरडा आहे तो वरचा थर. नंतरच्या लोकांनी वेळोवेळी लावलेली ठिगळं. त्यांच्याखाली आणखी कोणीतरी होतं, आणि ते माणूस मुळीच घाईत नव्हतं.

छोटे छोटे तुकडे. प्रत्येकाचं काम एकच, आणि ते काम नावातच सांगितलेलं. एखादी गोष्ट विचित्र दिसली की शेजारी दोन शब्दांत तिचं कारण. एके ठिकाणी रविवारचा हिशेब उशिरा सुरू होत होता. मी कपाळाला आठ्या घालून पुढे वाचलं, तर तिथे लिहिलं होतं: रविवारी दाते दुपारी येतात, सकाळी घाई करू नये. लिपी रोमन, पण भाषा मराठी. सगळी नावं मराठी. शिल्लक, उशीर, पुरवून.

आमच्या टीममध्ये हे कोणाला कळण्यासारखं नव्हतं. 'पुरवून' हे कोणाचं तरी आडनाव आहे असा सर्वांचा समज होता. माझ्या शेजारी बसणारी शबनम टेस्टिंगचं काम करायची, जुन्या दिल्लीतली, हसरी. तिने एकदा पडद्यावर बोट ठेवून मला विचारलं की हे 'आधी कौन' काय प्रकरण आहे, अर्धी कोण? ते 'आधी कोण' होतं. रांगेत पहिला नंबर कोणाचा हे ठरवणारा तुकडा. मी सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला मास्क काढावा लागला, आणि मग खोकत बसली. त्या दिवसांत हसण्याचा शेवट खोकल्यातच व्हायचा.

मला मात्र हसू येऊन गेल्यावर कसंसंच झालं. नोएडाच्या त्या काचेच्या इमारतीत, जिथे दिवसभर माझ्या तोंडून हिंदी आणि इंग्रजीच निघते, एका मशीनच्या पोटात कोणीतरी मराठीत बोलत होतं, आणि मी त्याला बंद करायला आले होते.

शाळा धुरामुळे बंद होत्या. माझी मुलगी रेवा घरीच होती, दिवसभर लॅपटॉपसमोर, कंटाळून, भांडायला कारण शोधत. एकदा जेवताना मी तिला 'पुरवून' म्हणजे काय असं विचारलं. ती म्हणाली, सप्लाय करून. शाळेत ती दुसरी भाषा म्हणून संस्कृत शिकते; मराठी तिला आमच्या बोलण्यातून येईल तेवढीच. मी म्हटलं, आजीने पुण्याहून चकल्या पाठवल्यात ना, त्या पुरवून खायच्या. "मतलब बचाके?" तिने विचारलं. बचाके नाही, हे मला कळत होतं, पण सांगता येईना. शेवटी म्हटलं, वाचवलेली वस्तू डब्यात राहते. पुरवायचं म्हणजे ती खायचीही, घरातल्या प्रत्येकाच्या हातावर थोडी पडलीही पाहिजे, आणि उद्या कोणी आलं तर त्याच्यासाठीही असली पाहिजे. रेवा म्हणाली, इतना सब एका शब्दात? आणि चकली घेऊन उठून गेली.

'पुरवून' नावाचा तो जुना तुकडा नेमकं हेच करत होता. डेंग्यूत माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, कधी बाहेरून द्याव्या लागतात. फिकट पिवळ्या पिशव्या असतात त्यांच्या. फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. एका यंत्राच्या तबकांवर मंद हलत ठेवतात, आणि थोड्याच दिवसांत त्या निकामी होतात. रक्तपेढीत मी प्रथम गेले तेव्हा काचेमागे ती तबकं डावी-उजवीकडे सरकताना पाहिली. दिवसरात्र थांबत नाहीत. मला वाटलं, या शहरात या दिवसांत आपलं सगळ्यांचं असंच झालंय, स्वस्थ ठेवलं तर खराब होऊ.

नवा प्रोग्रॅम आम्ही दिवाळीच्या आधी सुरू केला. दिसायला देखणा. मोठी रुग्णालयं आपल्या संगणकावरून सकाळीच मागणी टाकत आणि नवा प्रोग्रॅम ज्याने आधी मागितलं त्याला देऊन मोकळा होई. नियम सोपा, कोणालाही समजावा असा. पण गल्लीबोळांतल्या लहान दवाखान्यांतल्या रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन बसने, रिक्षाने, स्कूटरवर येतात. ते दुपारी पोचायचे तोवर तबकं रिकामी. जुना प्रोग्रॅम त्यांच्यासाठी थोडं मागे ठेवायचा. पुरवून द्यायचा.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर बत्रा. साठीच्या जवळ आलेल्या, केस अगदी बारीक कापलेले, कमी बोलणाऱ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. एका लहान मुलीचे वडील इथून रिकाम्या हाताने गेले होते आणि आणखी तीन पेढ्या फिरून संध्याकाळी त्यांनी कुठून तरी पिशवी मिळवली होती. मुलगी वाचली. डॉक्टर बत्रा रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वो पुराना वाला वापस ला दीजिए. वो मेरे जैसा सोचता था."

राजीव सरांना हे सांगणं सोपं नव्हतं. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांच्यावर वरून दबाव होता, नवं दिलेलं काम परत जुन्यावर नेणं म्हणजे त्यांची शोभा. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. त्यांना जुन्या देखभालीच्या तक्रारींतून माहीत होतं की तो प्रोग्रॅम मध्येच अडकायचा. शेवटची पिशवी उरली की पडदा थिजायचा. म्हणून तर पुढच्या लोकांनी त्यात बदल केले होते.

मी तो भाग काढून बघितला. प्रोग्रॅम अडकत नव्हता. थांबत होता. एखाद्या रक्तगटाची शेवटची पिशवी उरली आणि मागणारे एकापेक्षा जास्त असले, की 'आधी कोण' आपलं काम सोडून द्यायचं आणि एक लहानसा तुकडा पुढे यायचा. त्याचं नाव 'थांब'. आणि शेजारी लिहिलेलं: इथून पुढे माणसाने ठरवावे. पडदा डॉक्टरांचं नाव आणि कारण लिहिल्याशिवाय पुढे जायचा नाही. नंतर कोणीतरी या 'थांब'ला बगल देऊन चिठ्ठी टाकून निकाल लावणारी एक ओळ घुसवली होती. खरोखर चिठ्ठी, कोणताही एक नंबर उचल आणि दे. ती ओळ इतकी वर्षं तिथे होती, आणि ती काय करते हे डॉक्टर बत्रांनाही माहीत नव्हतं.

ही ओळ काढायची की ठेवायची? राजीव सर म्हणाले, ज्याने 'थांब' लिहिलं त्याने तरी का लिहिलं कोणाला ठाऊक, कदाचित त्याला पुढचं सुचलंच नसेल. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला मनातून वाटत होतं. मी डॉक्टर बत्रांना विचारलं, हे मूळचं कोणी लिहिलं? त्या म्हणाल्या, साळवे मॅडम. सरकारी नोकरी करायच्या, संगणकाच्या खात्यात. सुट्टीच्या दिवशी इथे येऊन बसायच्या. पैसे घेतले नव्हते. मयूर विहारलाच राहतात, असतील तर.

होत्या. माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर. रविवारी सकाळी मी गेले. रूथ साळवे, ऐंशीच्या उंबरठ्यावर, सुती साडी, स्वेटर, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी. धुरात त्यांची छाती भरायची. घराणं मूळचं नगरकडचं, पण वडील केंद्र सरकारात कारकून, त्यामुळे जन्म दिल्लीत आणि शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत. मी मॅडम म्हटल्यावर म्हणाल्या, मावशी म्हण, मॅडम ऐकून ऐकून रिटायर झाले.

मी कोड छापून नेला होता. त्यांनी पहिलं पान डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "अगं, त्रास नाही ना देत कोणाला?" सासरी गेलेल्या मुलीबद्दल विचारावं तसं.

मी मराठी नावांबद्दल विचारलं. त्यांनी दोन कारणं सांगितली. पहिलं, इंग्रजी नाव दिलं की वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला कळलं, आणि तो न वाचता पुढे जातो. परकं नाव दिसलं की थांबून बघतो. दुसरं, आई गेल्यावर घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. चर्चमध्ये हिंदी, ऑफिसात इंग्रजी. म्हणून मग तिथे, कोडमध्ये बोलायचे, असं म्हणून त्या जरा हसल्या आणि नळी सारखी केली.

मग मी 'थांब'चं पान पुढे केलं. हे का, मावशी? पुढचं सुचलं नाही म्हणून?

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्या कित्येक रविवार रक्तपेढीच्या खिडकीशी नुसत्या बसून असायच्या. एका दुपारी एक पिशवी उरली आणि दोघं जण आले, एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बाई. खिडकीवरच्या डॉक्टरने दोन्हीकडे फोन केले, चौकशी केली, आणि बाईला पिशवी दिली. म्हातारे गृहस्थ त्या डॉक्टरवर इतके ओरडले की सगळे जमले. डॉक्टर खाली मान घालून ऐकत राहिला. ओरडून झाल्यावर ते गृहस्थ रडले, आणि त्याच डॉक्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

"मला नियम लिहिता आला असता गं," मावशी म्हणाल्या. "वय घे, ताप घे, आकडे घे, लाव निकाल. येत होतं मला. पण मशीनने नाही म्हटलं, तर त्या माणसाने रागवायचं कोणावर? रागवायला तरी समोर माणूस हवा की नको?"

बाहेर पांढरा धूर खिडकीला टेकून उभा होता. स्वयंपाकघरात त्यांची मदतनीस बाई काहीतरी परतत होती, हिंगाचा वास येत होता. मला एकदम तिथे बसवेना. ऑफिसात जाऊन ती चिठ्ठीची ओळ काढून टाकावी असं झालं.

ते काम तसं झटपट होणारं नव्हतं. अनेकदा आल्टर केलेल्या ब्लाउजचे टाके उसवावेत तसं. एक ओढला की भलतीकडे सुरकुती पडायची. कोणी दुसऱ्याच्या रजेत घाईने लिहिलेलं तात्पुरतं काम, कोणी त्या तात्पुरत्यावर टाकलेलं आणखी तात्पुरतं. मी एक थर काढायचा, शबनमने मागच्या महिन्यांच्या खऱ्या मागण्या त्यातून चालवून बघायच्या. बहुतेक वेळा काहीतरी मोडायचं आणि आम्ही दोघी चिडून एकमेकींशी बोलायचो नाही. कित्येकदा वाटायचं, हे पुन्हा पहिल्यापासून लिहिणं सोपं. पण खालचा मूळचा भाग हळूहळू उघडा पडत गेला, तेव्हा शबनमही बघत राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण कुठे काय असेल याचा अंदाज तिला यायला लागला. ती म्हणाली, इसमें चलते हुए ठोकर नहीं लगती. मी इतकी वर्षं चांगल्या कोडबद्दल व्याख्यानं ऐकली आहेत. याहून नेमकं कोणी बोललेलं आठवत नाही.

राजीव सरांनी शेवटी मान्य केलं. बाहेरचे पडदे नवे, आत जुनं. आणि 'थांब' परत. फक्त थिजलेला पडदा नको, सरळ डॉक्टरांच्या फोनवर निरोप जाऊ दे, म्हणाले. सूचना चांगली होती, आम्ही घेतली.

ज्या दिवशी ते सुरू केलं त्या दिवशी मी रक्तपेढीतच होते. काचेमागे तबकं सरकत होती. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं, हातात चिठ्ठी घेऊन आलेल्यांनाही मिळत गेलं. आणि मग तो निरोप गेलाच. एक पिशवी, दोन मागण्या. डॉक्टर बत्रांनी फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आभार नव्हते. इतकी वर्षं ती चिठ्ठी त्यांच्या नकळत त्यांचं ओझं उचलत होती, आणि ते मी आणून पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं होतं.

त्यांनी दोन्ही दवाखान्यांना फोन लावले. आकडे विचारले, रक्तस्राव आहे का विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. मग नाव टाइप केलं, कारण टाइप केलं. आणि उठून बाहेर गेल्या. बाकावर एक तिशीचा माणूस बसला होता, बहिणीसाठी आलेला. त्याला त्या समोर उभ्या राहून म्हणाल्या की आत्ता मिळणार नाही, नवे दाते येताहेत, संध्याकाळी नक्की. तो ओरडला. काय काय बोलला. काचेतून मला शब्द ऐकू येत नव्हते, हात दिसत होते. डॉक्टर बत्रांनी मास्क खाली केला, बहुधा चेहरा दिसावा म्हणून. त्याचं बोलून झालं तेव्हा त्या त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते. संध्याकाळी त्याला पिशवी मिळाली. जाताना त्याने मागे वळून बघितलं नाही.

मी तिथून निघाले ती मेट्रोत उभी राहिले, जागा असूनही. आपण चांगलं केलं की वाईट, हे ठरत नव्हतं. अजूनही या दिवसांत ते ठरत नाही. दुरुस्त केलेली गोष्ट नीट चालली की आपल्याला बरं वाटावं, हा आमच्या धंद्यातला साधा हिशेब. तो त्या दिवशी लागला नाही. घरी येऊन मी मावशींना फोन केला आणि सगळं सांगितलं. 'थांब' कसा चालला, डॉक्टर कशा बाहेर गेल्या, तो माणूस कसा ओरडला, संध्याकाळी त्याला कसं मिळालं. मला वाटलं, त्या खूश होतील. निदान विचारतील की कोड किती बदलावा लागला.

त्यांचा श्वास ऐकू येत होता, नळीतून येणारा, बारीक शीळ असलेला. मग त्यांनी विचारलं, "त्या डॉक्टरबाई जेवल्या का गं?"

मला माहीत नव्हतं. दिवसभर मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. मी फोन ठेवला आणि डॉक्टर बत्रांना लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, आणि कामाचं काही असेल म्हणून लगेच, हाँ बोलिए, क्या हुआ, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, खाना खाया आपने?

पलीकडून खुर्ची सरकवून कोणीतरी बसल्याचा आवाज आला.